पुतळ्यावरचा उजेड : प्रोजेक्शन मॅपिंग आणि शिल्पाची बाकी

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

आजच्या व्याख्यानाची पाटी वाचून दोघातिघांनी आम्हांला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा आणि प्रोजेक्टरचा संबंध काय. प्रश्न रास्त आहे. आमचं आयुष्य खडू-फळ्यात गेलं. वर्गात प्रोजेक्टर आला तेव्हा आमच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, आणि तो चालू करायला आम्ही शिपाईमामांना बोलवायचो. पण गेल्या हिवाळ्यात आम्ही सलग अकरा संध्याकाळी कोल्हापुरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसलो, एका प्लास्टरच्या पुतळ्यावर उजेड टाकण्याचे प्रयोग पाहिले, आणि अध्यास या विषयावर आयुष्यभर जे शिकवलं ते आपल्याला नीट कळलं होतं का, अशी शंका घेऊन घरी आलो. त्या शंकेबद्दल आज बोलायचं आहे.

आधी हकिकत सांगतो. आमचे एक शिल्पकार मित्र होते. नाव सांगत नाही, त्यांना आवडलं नसतं. त्यांनी तरुणपणी आपल्या आईचा अर्धपुतळा केला. शाडूत घडवला, साचा काढला, प्लास्टरमध्ये उतरवला. पुढे ब्राँझमध्ये ओतायचा होता. त्याला पैसे कधी जमले नाहीत, आणि जमले तेव्हा ते मुलांच्या शिक्षणाला गेले. पुतळा शेडच्या कोपऱ्यात राहिला. डोक्यावर पदर, नाकात चमकी, ओठ मिटलेले. गालांवर मित्राच्या अंगठ्याचे ठसे तसेच राहिलेले. ते त्यांनी मुद्दाम ठेवले होते की घाईत राहिले, हे आम्ही कधी विचारलं नाही.

मित्र गेले. वर्षश्राद्धाला त्यांच्या नातीच्या मनात आलं, की आजोबांच्या शेडमध्येच काहीतरी दाखवावं. ती पुण्याला ॲनिमेशन शिकते. दोन मैत्रिणी, एक लॅपटॉप, तीन हजार ल्यूमेनचा मागून आणलेला प्रोजेक्टर, असा सगळा सरंजाम. बेत असा, की पणजीच्या पुतळ्याला रंग चढवायचा, लुगडं हिरवं, कुंकू लाल, आणि शेवटी पणजी हसेल. ती आम्हांला म्हणाली, "आजोबा, तुम्ही येऊन बसा. चुकलं तर सांगा." म्हणून आम्ही बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सपाट पडद्यावर चित्र टाकलं की तो सिनेमा. पडद्याच्या जागी उंचसखल वस्तू ठेवली आणि तिच्या उंचवट्या-खोलगटांना धरून चित्र वाकवून टाकलं, की ते प्रोजेक्शन मॅपिंग. गोष्ट नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1969 साली हाँटेड मॅन्शन सुरू झालं. तिथे दगडी वाटावेत अशा पुतळ्यांच्या चेहऱ्यांवर गाणाऱ्या माणसांची फिल्म टाकलेली आहे. ती फिल्म काढताना गाणाऱ्यांना डोकं हलवता येणार नव्हतं, कारण पुतळ्याचं डोकं हलत नाही. पुतळा माणूस वाटावा म्हणून आधी माणसाला पुतळा व्हावं लागलं. ही अदलाबदल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सॉफ्टवेअरकडे येतो. मुलींनी चारपाच वापरून पाहिली. आम्हांला त्यातली बटणं कळत नाहीत. पण दोनतीन संध्याकाळी गेल्यावर एवढं कळलं, की या प्रत्येकाचा 'वस्तू म्हणजे काय' याबद्दल एक सिद्धान्त आहे. तो कुणी बोलून दाखवत नाही, पण पडद्यावर काय करता येतं आणि काय येत नाही यातून तो उघडा पडतो.

पहिल्या दिवशी हेवीएम. पुतळ्यावर प्रोजेक्टरच्या उजेडात आकार आखायचे, कडांवरून रेघा ओढायच्या, की तयार परिणाम त्यांत आपोआप खेळू लागतात. अर्ध्या तासात पणजीच्या पदराच्या कडेने दिवे धावायला लागले, गणपतीच्या मखरासारखे. मुलींना हसू आलं, आम्हांलाही. इथे वस्तू म्हणजे तिची बाह्यरेषा. इमारतीला, खिडक्या-कमानींना हे शोभतं. चेहऱ्याला बाह्यरेषा असते कुठे? नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, ती रेघ कुणी दाखवावी. रेझोल्यूम अरीना त्यांनी एकच संध्याकाळ लावलं. ते नाचगाण्याच्या मंचासाठी उत्तम म्हणतात, असेलही. आमच्या कामाचं नव्हतं.

मग मॅडमॅपर. यात चित्रावर एक जाळी पसरतात आणि जाळीचा एकेक बिंदू ओढून वस्तूवर बसवतात. शिंपी कापड अंगावर टाचतो तसं. नात दोन संध्याकाळी हेच करत बसली. डोळा डोळ्यावर आला, ओठ ओठावर आले. समोर खुर्चीत बसून पाहिलं तर पणजी रंगीत झाली होती, आणि आम्ही खरंच दचकलो. मग चहाला म्हणून उठलो, चार पावलं डावीकडे गेलो. डोळा तिथेच होता, पण गालावरची रंगवलेली सावली आता खोटी दिसत होती. नाकाच्या आड, जिथे प्रोजेक्टरचा उजेड पोचतच नाही, तिथे प्लास्टरचा करडा पट्टा उघडा पडला होता. म्हणजे इथे वस्तू हे एका जागेवरून दिसणारं चित्र आहे. शिल्पाभोवती फिरता येतं, चित्राभोवती येत नाही. आमच्या मित्रांचं हे आवडतं वाक्य होतं. सॉफ्टवेअरने शिल्पाचं पुन्हा चित्र केलं.

दोन गोष्टी मध्येच सांगतो, कारण आम्हांला त्यांची गंमत वाटली. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. काळं म्हणजे तिथे उजेड न टाकणं. तेव्हा पणजीचे काळे केस म्हणून जे दिसत होतं ते अंधारात सोडलेलं प्लास्टर होतं, आणि पत्र्याच्या भोकातून रस्त्यावरच्या दिव्याचा कवडसा आला की केस पिकायचे. दुसरी गोष्ट, चालू झाल्यावर यंत्र तापतं तसं चित्र किंचित सरकतं. त्यामुळे सगळी मांडणी अर्धा तास यंत्र तापवून मगच करायची. एकदा कुणाचा तरी पाय टेबलाला लागला आणि कुंकू भुवईवर जाऊन बसलं. दोन तासांचं काम एका धक्क्यात गेलं.

आता तिसरा मार्ग. आधी पुतळ्याची त्रिमितीय प्रतिकृती संगणकात करायची आणि तिथून उलट यायचं. त्यासाठी सगळीकडून फोटो काढून मेशरूम नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले. आणि काय झालं? पुतळ्याखाली अंथरलेलं वर्तमानपत्र अक्षरासकट हुबेहूब उतरलं, पणजीच्या कपाळाला मात्र भोकं पडली. कारण सरळ आहे. एकाच बिंदूला अनेक फोटोंत ओळखण्यासाठी सॉफ्टवेअरला खुणा लागतात. पांढऱ्या प्लास्टरवर खुणा नाहीत, वर्तमानपत्रावर खच्चून आहेत. प्रक्षेपणाला जो पृष्ठभाग सर्वांत चांगला, तोच मोजणीला सर्वांत वाईट. मुलींनी मग युक्ती केली. प्रोजेक्टर एका जागी ठेवून पुतळ्यावर ठिपक्यांची रांगोळी टाकली आणि त्या उजेडात फोटो काढले. ठिपक्यांनी खुणा पुरवल्या, कपाळ भरलं. ती प्रतिकृती ब्लेंडरमध्ये साफ केली, जाळी हलकी केली, आणि टचडिझायनरमध्ये आणली. तिथे कॅमश्नॅपर नावाचं साधन आहे. प्रतिकृतीवरचे निदान सहा बिंदू घ्यायचे, चमकी, डोळ्याचा कोपरा, हनुवटी, कानाची पाळी, आणि प्रत्येकासाठी पुतळ्यावर तोच बिंदू उजेडाने दाखवायचा. सहाच का? नातीने पाटीवर मांडून दाखवलं, आणि इतक्या वर्षांनी आम्ही कुणाचा तरी विद्यार्थी झालो. प्रोजेक्टर कुठे आहे, कुणीकडे पाहतो, त्याचं भिंग कसं आहे, या सगळ्या मिळून अकरा अज्ञात राशी. एका बिंदूमागे दोन समीकरणं. पाच बिंदूंची दहा होतात, एक कमी पडतं. आणि सगळे बिंदू एका पातळीत असून चालत नाहीत. वस्तूला खोली आहे हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं.

या मार्गाचं मूळ आपल्याला जवळचं आहे. 2001 साली 'शेडर लॅम्प्स' हा शोधनिबंध आला, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातून. त्याचे पहिले लेखक रमेश रासकर, मूळ नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टरने संगमरवर चढवला, सूर्य फिरवला. कल्पना अशी, की वस्तूचा आकार प्रत्यक्षात राहू द्यावा, आणि तिचा रंग, पोत, तिच्यावरची छाया, हे सगळं तिच्यातून काढून उजेडात घालावं. वस्तू तटस्थ, गुण उसने.

इथे आमचे कान टवकारले. सतराव्या शतकात लॉकने हेच वेगळं केलं होतं. आकार, घनता हे वस्तूचे आपले गुण. रंग-वास हे तिच्यामुळे आपल्या ठिकाणी उपजणारे. आणि आपल्याकडे वेदान्तात, सांख्यातही, स्फटिक आणि जास्वंदीचा दृष्टान्त आहे. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो. लाल होत नाही. फूल ही उपाधी. ते उचललं की स्फटिक होता तसा. ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी शंकराचार्य अध्यासाची चर्चा करतात, तिच्या जोडीने आम्ही हा दृष्टान्त वर्षानुवर्षं शिकवला, आणि विद्यार्थ्यांना सांगितलं की अधिष्ठानाला आरोपाचा स्पर्श होत नाही. शेडमध्ये पहिल्यांदा वाटलं, हे तर तेच! प्लास्टर स्फटिक, प्रोजेक्टर जास्वंद. प्लग काढला की संपलं. मग तक्रारीला जागा कुठे?

जागा आहे, ती आता सांगतो. दहावी संध्याकाळ. टचडिझायनरमध्ये सगळं नेमकं बसलं होतं. कुठूनही पाहिलं तरी, नाकाआडचा पट्टा सोडता, रंग आपापल्या जागी. नात म्हणाली, "आता सूर्य फिरवते," आणि संगणकातला खोटा दिवा पणजीच्या चेहऱ्यावरून डावीकडून उजवीकडे नेला. पदराची छाया कपाळावरून सरकली, गाल उजळले, मावळले. सुंदर होतं. कबूल करतो, सुंदर होतं. पण आम्हांला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं, आणि काय ते सांगता येईना. शेवटी वहिनी, म्हणजे मित्राच्या पत्नी, दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, यांचे अंगठे कुठं गेले?"

अंगठे गेले होते. गालावरचे ते ठसे नव्हतेच. जाळी हलकी करताना ते बारकावे गाळले गेले होते. जाळीत जे नाही, त्यावर संगणकातल्या सूर्याची छाया पडत नाही. आणि प्लास्टरवर ते प्रत्यक्ष होते, पण प्रोजेक्टरचा खरा उजेड समोरून, एकाच जागेवरून येत होता. समोरच्या उजेडात उथळ खड्डे बुजल्यासारखे दिसतात. वर रंगवलेल्या छायेचा थर. तिघांनी मिळून ठसे पुसले.

आम्ही नातीला प्रोजेक्टर बंद करायला सांगितलं आणि वहिनींकडची हातबत्ती मागितली. साधी, वीज गेल्यावर वापरायची. ती गालाच्या अगदी कडेला, आडवी धरली. ठसे एकेक करून उभे राहिले. आणि एक गोष्ट दिसली जी कुणीच पूर्वी पाहिली नव्हती. डाव्या कानापाशी ठशांचा रोख उलटा आहे, मातीची एक पट्टी नंतर लावलेली आहे. मित्रांनी तो कान आधी एका ठिकाणी केला होता आणि मग बोटभर मागे नेला होता. पन्नास वर्षांपूर्वीची ती दुरुस्ती, आईचा कान पुन्हा पाहून केलेली.

आता दृष्टान्ताकडे परत या. जास्वंद स्फटिकाला धक्का लावत नाही, हे खरं. पण लाल रंगाखाली स्फटिकावरचा ओरखडा दिसेनासा होतो, त्याचं काय? वस्तू अबाधित राहिली म्हणून पाहणंही अबाधित राहिलं असं होत नाही. शिल्प तर पाहण्यासाठीच केलेलं असतं. आणि लॉकच्या वाटणीचं म्हणाल तर तीही इथे टिकत नाही. आपला डोळा आकार ओळखतो तो बराचसा छायेवरून. छाया रंगवली की आकारही बदलतो. प्रोजेक्टर फक्त उसने गुण देतो म्हणता म्हणता घरचे गुणही हलवतो.

म्हणून या तंत्राच्या कलाकृती पाहताना आम्ही एकच प्रश्न लावून पाहतो. संगणकातली प्रतिकृती वजा केली, तर वस्तूत बाकी किती उरते, आणि कलावंत त्या बाकीचं काय करतो?

स्पॅनिश कलावंत पाब्लो वाल्बुएना यांची 2007 ची 'ऑगमेंटेड स्कल्प्चर' घ्या. कोपऱ्यात रचलेले पांढरे ठोकळे, त्यांवर उजेड फिरतो, कडा उजळतात, जणू खोलीत दिवा हिंडतोय. तिथे बाकी जवळपास शून्य आहे. ठोकळ्याची प्रतिकृती आणि ठोकळा यांत फरकच नाही. कुणाचा अंगठा तिथे उमटलेला नाही. वस्तूच प्रक्षेपणासाठी जन्मलेली. म्हणून ती कृती प्रामाणिक आहे आणि आम्हांला अजून या क्षेत्रातली सर्वांत निर्मळ वाटते. तिच्याकडे पाहून जे लोक हाताने घडवलेल्या मूर्तींवर तीच करामत करायला जातात, त्यांना फरक कळलेला नाही.

दुसरं उदाहरण शिल्पाचं नाही, चित्रांचं आहे, पण प्रश्न तोच. मार्क रॉथको यांची हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली भित्तिचित्रं 1964 साली तिथल्या भोजनकक्षात लावली. खिडक्यांतून ऊन यायचं; त्यातला लिथॉल रेड हा रंग उन्हाला कच्चा. चित्रं उडाली, काढून ठेवावी लागली. वरून रंग लावणं म्हणजे रॉथकोच्या ब्रशवर दुसऱ्याचा ब्रश. मग 2014 च्या प्रदर्शनात संग्रहालयाने वेगळं केलं. मूळ रंग काय होता ते जुन्या रंगीत पारदर्शिकांवरून ठरवलं, आता किती उरलाय ते मोजलं, आणि वजाबाकी करून जेवढा कमी तेवढाच उजेड प्रोजेक्टरने चित्रावर टाकला. या कामातही रासकर होते. पण आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट गणिताची नाही. रोज दुपारी चार वाजता ते प्रोजेक्टर बंद करत. लोकांसमोर. उडालेली चित्रं जशी आहेत तशी दाखवत. आरोप करायचा, आणि तो आरोप आहे हे रोज मान्य करायचं. वेदान्ती भाषेत त्याला बाध म्हणतात. संग्रहालयाने त्याची वेळ ठरवून दिली होती.

तिसरे क्रिझ्टॉफ वोडिच्को. 2012 च्या नोव्हेंबरात त्यांनी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमधल्या लिंकनच्या पुतळ्यावर युद्धातून परतलेल्या सैनिकांचे आणि त्यांच्या आप्तांचे चेहरे, हात, आवाज टाकले. चौदा जणांचे. पुतळा 1870 चा, ब्राँझचा, काळपट. तंत्राच्या दृष्टीने याहून वाईट पडदा मिळणं कठीण. चेहरे तंतोतंत बसत नाहीत, आणि बसावेत असा अट्टहासही नाही. लिंकन स्थिर उभा, आणि त्याच्या अंगावर एखाद्याचे हात बोलताना अस्वस्थ हलतात. हाँटेड मॅन्शनमध्ये माणसाला पुतळ्याइतकं स्थिर केलं होतं; इथे माणूस हलतो आणि पुतळा हलत नाही हेच दिसू दिलं आहे. बाकी लपवली नाही, तिच्यावरच काम केलं. म्हणून ते नुसतं तंत्र राहत नाही.

हे सगळं आम्ही अकराव्या संध्याकाळी नातीला सांगितलं, जरा लांबणच लावली. म्हटलं, पणजीला हसवू नकोस. रंग दाखव हवा तर, मग बंद कर, आणि हातबत्ती फिरव. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आजोबा, हातबत्ती फिरवते. पण हसवणारच. मी पणजीला पाहिलेलंच नाही." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी शेडमध्ये साठसत्तर माणसं दाटीवाटीने उभी होती. पणजी रंगली, लुगडं हिरवं झालं. शेवटी ओठांचे कोपरे हलले. तंत्र म्हणून सांगतो, हसू फसलं होतं. प्लास्टरचे ओठ मिटलेलेच, त्यांवर हसणारे ओठ रंगवलेले, त्यामुळे खालचा ओठ दुहेरी दिसत होता. आम्ही मनात शेरा लिहून मोकळे झालो होतो. तेवढ्यात शेजारी वहिनी पुटपुटल्या, "सासूबाई अशाच हसायच्या. तोंड मिटून." आणि नातीला म्हणाल्या, पुन्हा एकदा लाव.

नातीने पुन्हा लावलं. मग प्रोजेक्टर बंद केला आणि बत्ती कानापाशी धरली. तोवर निम्मी माणसं जेवायला निघाली होती.

बराच वेळ घेतला आम्ही. प्रश्न असतील तर घेऊ. मागचे ते हात वर केलेले गृहस्थ, हां, तुम्ही. माईक द्या त्यांना.